गिरणी संपाचा हिशेब मनुष्यदिवसांत मांडू नका

संपाने देशाचं किती नुकसान झालं असं विचारलं की उत्तर येतं ते बुडालेल्या मनुष्यदिवसांत, म्हणजे एका कामगाराचं एका दिवसाचं काम हा एक मनुष्यदिवस. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. महिन्याचे २६ दिवस धरले तर पहिल्याच महिन्यात ६५ लाख मनुष्यदिवस बुडाले. पण बंद साचे (गिरणीतले माग) पुन्हा चालू होतात, जादा पाळ्या लावून मालही निघतो. एकदा दुसरीकडे गेलेलं गिऱ्हाईक मात्र परत आणता येत नाही.

कताई, विणाई, रंगाई एकाच आवारात, अशी मुंबईची गिरणी. संप लांबला तशी विणाई भिवंडी, मालेगाव, इचलकरंजीच्या यंत्रमागांवर गेली. हे स्थलांतर आधीच सुरू झालं होतं, संपाने त्याला जोर आला. तिथं मागांची मालकी घरातल्या चार नावांवर वाटायची, प्रत्येक नावावर दहापेक्षा कमी माणसं दाखवायची, की कारखाना कायदा लागूच होत नाही. बारा तासांची पाळी, मजुरी मीटरवर, प्रॉव्हिडंट फंडाचं नाव नाही. मग कापड स्वस्त पडणारच! विकसनशील देशातलं खरं नुकसान मी याला म्हणतो. पासबुक, रजा, बोनस असलेली नोकरी गेली आणि तिच्या जागी हक्क नसलेली मजुरी आली. बेकारभत्ता नव्हताच. संपकऱ्यांना पोसलं ते कोकणातल्या, साताऱ्या-कोल्हापूरकडच्या घरांनी, जी एरवी त्यांच्याच मनीऑर्डरवर चालत.

तंटा मिटत का नव्हता? मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६. एका भागातल्या अख्ख्या उद्योगासाठी एकच प्रातिनिधिक संघटना आणि त्यासाठी २५ टक्के सभासद पुरेसे. करारावर सही तिचीच. तो दर्जा होता राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे, आणि कामगार उभे होते संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत यांच्या मागे. सामंतांशी न बोलायला मालकांना कायद्याचंच कारण मिळालं. पगारवाढ आणि बदली (गैरहजर माणसाच्या जागी त्या दिवसापुरत्या घेतलेल्या) कामगारांना कायम करणं यांच्याबरोबर हा कायदा रद्द करा, अशीही मागणी होती, ती यामुळेच. रोज सकाळी गेटवर उभं राहून कुणी गैरहजर आहे का बघणाऱ्या बदलीवाल्याला पंचवीस टक्के सभासदांच्या त्या यादीचा काय उपयोग?

१९८३ मध्ये सरकारने १३ गिरण्या ताब्यात घेतल्या. संप अधिकृतपणे मागे घेतला गेलाच नाही. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांच्या जमिनी विकायची वाट उघडली, आणि चालू गिरणीपेक्षा बंद गिरणी मालकाला जास्त पैसा देऊ लागली.

२०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत वाटाघाटीचा एकमेव हक्क मिळवायला ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा लागतो. तेवढा कुणाकडेच नसेल, तर २० टक्क्यांवरच्या संघटनांची परिषद बसते. १९४६ पेक्षा हे बरं. मात्र संपाला चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि निम्म्या कामगारांनी एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरतात. वाट अशी अरुंद केली असेल, तर निदान ते ५१ टक्के वर्गणीच्या पावत्या मोजून ठरवू नका. गेटवर पेटी ठेवा, गुप्त मतदान घ्या, आणि बदली, कंत्राटी कामगारांनाही मत द्या.