गूढकथा लिहिताय? वाचकाला काहीही कळू देऊ नका

'मनोरंजन'चा दिवाळी अंक १९०९ साली निघाला, तेव्हापासून मराठी माणूस चकलीबरोबर कथा पचवत आला आहे. तुमचीही पचवेल. तेव्हा संपादकांनी गूढकथा मागितली की घाबरू नका.

सुरुवात 'तो'ने करा. 'तो दचकला.' तो कोण, हे चौथ्या पानापर्यंत सांगायचं नाही. चौथ्या पानावर तो बँकेतला कॅशियर निघाला तर वाचक म्हणेल, हे आधी सांगायला काय झालं होतं? म्हणू द्या. तोवर तीन पानं वाचून झालेली असतात.

रहस्यपट काढणाऱ्या हिचकॉक नावाच्या गृहस्थांचं या बाबतीत अजिबात ऐकू नका. त्यांनी फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला सांगितलं होतं की टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला ठाऊक नसेल, तर स्फोटाचा धक्का पंधरा सेकंद टिकतो. आधीच दाखवला, तर टेबलावरच्या फालतू गप्पाही तो पंधरा मिनिटं जीव मुठीत धरून ऐकतो. म्हणजे सगळं गुपित आधीच फोडायचं? मग लेखकाचा तोरा तो काय राहिला? आपल्या बाबूराव अर्नाळकरांनीही हजाराहून अधिक रहस्यकथा लिहून वाचकांना असंच लाडावून ठेवलं. त्यांचा नायक झुंजार सुटणार हे पोराटोरांना माहीत, तरी तो कसा सुटतो यासाठी वाचनालयात पुस्तकावर नंबर लागायचे. तुम्ही हा मोह टाळा. कोणाला काय हवंय, कोणाचं काय पणाला लागलंय, यातलं काही कळलं की वाचक पात्राची काळजी करू लागतो. आपल्याला त्याला गोंधळात ठेवायचंय.

रशियन नाटककार चेकॉव्हने १८८९ च्या एका पत्रात बजावलं होतं, उडवायची नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नका. काटकसरी माणूस! तुम्ही बंदूक, तुटकी बाहुली, बंद घड्याळ, आजीचा अडकित्ता असं सगळं मांडून ठेवा आणि खून उशीने करा. उशीचा उल्लेख आधी कुठेही नको.

स्थळ म्हणून वरंध घाट उत्तम. शेवटची एसटी बंद पडते, मोबाइलची रेंज जाते, कंदील घेतलेला म्हातारा येतो. गाव कोकणातलं असलं तरी म्हाताऱ्याने "त्या वाड्याकडं जाऊ नगा, पाव्हणं" असं सातारी बोलावं. गूढकथेतल्या समस्त म्हाताऱ्यांची ती मातृभाषा आहे. अमावास्या हवीच. चांदण्यात वाडा दिसायला हवा असेल तर चंद्रही उगवा, पंचांग कोण काढून बघतंय! आणि टिंबं... टिंबांत कंजुषी नको... तेवढ्यात... मागे... कोणीतरी...

मांजर.

हे मांजर कथेत तीनदा यावं. चौथ्यांदा खरं भूत आलं तरी वाचक मांजर समजून पान उलटतो, पण त्याला आपला इलाज नाही.

शेवट ठरलेला आहे. सकाळी गावकरी म्हणतात, "म्हातारा? तो तर दहा वर्षांपूर्वीच गेला!" मग वाड्याचं काय, कॅशियर तिथे का आला होता, बाहुली कोणाची, असं एखाद्याने कळवळून विचारलंच, तर मंद हसून सांगा, "शेवट मी वाचकावर सोडलाय."

पुढच्या वर्षी दुसऱ्या संपादकांचा फोन येईल. फाइल उघडा, वरंध खोडून आंबेनळी घाला आणि पाठवून द्या.