फॉरमॅट मार की!

कॉम्प्युटरवर चालता गेम अचानक बंद पडायला लागला की बेळगावात औषध एकच. टिळकवाडीच्या पहिल्या रेल्वे गेटपासून शहापूरपर्यंत कुणालाही विचारा, "फॉरमॅट मार की!" म्हणून मोकळा. कन्नड शेजारीही तेच सांगतो. सीमाभागात दोन्ही भाषांचं इतकं एकमत दुसऱ्या कुठल्या प्रश्नावर झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मला राग येतो तो एवढ्यासाठी, की फॉरमॅट मारला, म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्यानं घातलं, की पहिला जातो तो पुरावा. विंडोज आणि आर ही बटणं दाबून ‘परफमॉन’, मग जागा सोडून ‘स्लॅश रेल’ लिहा (perfmon /rel). रिलायबिलिटी मॉनिटर उघडतो, त्यात तारीखवार लाल फुल्या. फुलीचा तपशील उघडला की ‘फॉल्ट मोड्यूल’चं, म्हणजे ज्या फाइलपाशी गेम पडला तिचं, नाव मिळतं. तिथं ग्राफिक्स ड्रायव्हरची फाइल दिसली तर सेफ मोडमध्ये डीडीयू या ड्रायव्हर पुसणाऱ्या प्रोग्रॅमनं जुना ड्रायव्हर काढून नवा घाला. एनटीडीएलएल ही विंडोजची स्वतःची फाइल दिसली तर मात्र हुरळू नका. ती बिचारी प्रत्येक अपघाताच्या जागी बघ्यासारखी हजर असते.

मेनूच्या आधीच गेम गचकला तर मॉड, म्हणजे इतरांनी केलेले फेरफार जे आपण गेमात घालतो, ते बाहेर काढा. "मी कायबी केलो नाही!" म्हणणाऱ्याचा गेम रात्री आपला आपण अपडेट झालेला असतो आणि मॉड जुनाच राहतो. मग स्टीम या गेमच्या दुकान-ॲपमध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स आणि व्हेरिफाय, म्हणजे फाइलींची तपासणी.

वीसेक मिनिटं खेळून पडतो? तापमान बघा. उन्हाळ्याची धूळ पावसाळ्याच्या ओलीनं हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या धातूच्या, पात्यांत थापून बसते. हवा मारताना पंखा बोटानं धरून ठेवा. प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट वाटाण्याएवढी पुरे, कुंदा वाढल्यासारखी नको.

अख्खं मशीनच रीस्टार्ट होऊन इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदवहीत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं, तर ते फक्त ‘नीट बंद न होता बंद झालो’ एवढंच सांगतं. का, ते तुम्ही शोधायचं. मी आधी एसएमपीएसवर, म्हणजे आतल्या वीजपुरवठ्याच्या डब्यावर, संशय घेतो. ग्राफिक्स कार्डाला दोन सॉकेट असतील तर एकाच केबलची दोन तोंडं न लावता दोन वेगळ्या केबली द्या.

रॅम तपासायला बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगांत, रॅमचा वेग वाढवणारं एक्सएमपी बंद करून मेमटेस्ट८६ या तपासणीच्या प्रोग्रॅमचे चारही फेरे होऊ द्या. एक चूक निघाली तरी रॅमची एकेक काडी वेगळी तपासायची.

सगळ्यात लबाड तक्रार ‘आउट ऑफ व्हिडिओ मेमरी’ची. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत वाढीव व्होल्टेजमुळे हा संदेश येई, आणि लोक ग्राफिक्स कार्ड बदलत बसले. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यासाठी ०एक्स१२९ हा मायक्रोकोड, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, आला. तो नव्या बायोसमधून घालता येतो, पण आधीच बिघडलेला प्रोसेसर त्यानं सुधारत नाही.

बायोसचं अपडेट अर्ध्यात असताना वीज गेली तर मदरबोर्डच कामातून जाऊ शकतो. म्हणून खानापूरच्या बाजूनं आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी बायोसला हात लावू नका, आणि एरवीही यूपीएसची बॅटरी आधी तपासा. "घेताना नवीच होती की" हे उत्तर धरलं जाणार नाही.