तापाचं सांगताना गोठ्यातलंही सांगा

कोल्हापूरच्या माणसाला कच्च्या दुधाबद्दल काही बोलायला जावं तर तो आधी गंगावेशीतल्या दुधाच्या कट्ट्यावर घेऊन जातो. समोर म्हस उभी, डोळ्यादेखत धार काढलेली, फेसासकट ग्लास हातात. मी पण लहानपणापासनं तेच पिलोय, त्यामुळं हे लिहिताना जड जातंय, पण तात्यांचं बघितल्यापासनं गप्प बसवत नाही.

तात्या म्हणजे माझे चुलते, करवीर तालुक्यात राहतात, चार म्हशी. सकाळी माणूस ठणठणीत, वैरण काय धारा काय सगळं करणार, आणि दिवस मावळला की कणकण सुरू, रात्री बनियन पिळावं एवढा घाम, कंबर तर अशी धरलेली की भारा उचलवत नव्हता. टायफॉईडच्या गोळ्या झाल्या, मलेरिया तपासला, सलाईन लावून झाली, दीड महिना असाच गेला. शेवटी एका डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवून विचारलं, "गोठ्यात एखादी म्हस गाभडली काय हो?" काकू लगेच म्हणाल्या, "होय की, सातव्या महिन्यात टाकलं आणि जार पडंना म्हणून ह्यांनीच हात घालून काढला."

रक्त तपासलं, ब्रुसेलोसिस निघाला, म्हणजे जनावरांकडनं माणसाला होणारा जंतूंचा ताप. जंतू जारात म्हणजे वारेत, गर्भाच्या पाण्यात असतात, दुधातनंही येतात, आणि तात्या धार काढताना पेलाभर कच्चं दूध पिणारच. जनावर वरनं धडधाकट दिसतं हीच खरी अडचण. माल्टा बेटावर डेव्हिड ब्रूसनं १८८७ साली हे जंतू शोधले, पण ते शेळीच्या दुधातनं येतात हे कळायला १९०५ उजाडलं, कारण शेळ्या आजारी दिसतच नव्हत्या! १९०६ ला सैनिकांचं ते दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं उतरला.

म्हणून माझं म्हणणं आहे की समोर काढलेलं दूध ताजं असतं एवढंच खरं, निर्धोक असेलच असं नाही. उकळलं की जंतू मरतात. दूध कट्ट्यावरनंच घ्या, पण घरी नेऊन उकळून प्या. जार काढायला जनावरांच्या डॉक्टरला बोलवा, नुसत्या हातानं शिवू नका. आणि ताप हटत नसला तर विचारायची वाट न बघता डॉक्टरांना गोठ्यातलं सगळं सांगा, आमचा दीड महिना तेवढ्यासाठी गेला.

औषध दोन प्रकारचं, सहा आठवडे. दोन आठवड्यात बरं वाटलं म्हणून तात्या सोडायला निघालेले, पण मधेच सोडलं की हा ताप उलटतो, त्यामुळं काकूंनी शेवटपर्यंत स्वतः गोळ्या हातावर ठेवल्या.

ह्या रोगाची जनावरांची लस फक्त मादी वासरांना, कालवड किंवा रेडी ४ ते ८ महिन्यांची असताना एकदाच देतात. आमची धाकटी रेडी ह्या महिन्यात चारची होतीय, तात्यांनी डॉक्टरला फोन करून ठेवलाय.