विषय तहकूब!

झाला परत आमच्या गल्लीच्या पाण्याच्या पाइपलाइनचा विषय तहकूब! काल नगरपालिकेच्या सर्वसाधारण सभेत नगराध्यक्षांनी विषय मांडला आणि बहुमतवाल्या विरोधी गटानं 'माहिती अपुरी आहे' म्हणून हात वर करून बाजूला सारला. कसली माहिती पाहिजे? गल्लीत या आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात गटारीचं पाणी तुंबलंय ते बघा. सकाळी पाणी आलं की पहिल्या दोन घागरी ओतूनच द्यायच्या, तिसरीला फडकं बांधायचं, तरी तळाला काळा गाळ बसतोच. सासूबाई या पाण्यानं आजारी पडून सलाईनवर होत्या. कृष्णाकाठचं गाव आमचं, आणि प्यायला जार विकत घ्यायचा!

सगळ्यात चीड कशाची आली सांगू? त्याच सभेत बिलांचे विषय आले तेव्हा दोन्ही गटांचं एकमत. तिथं माहिती कशी पुरली?

मतदानाला आम्ही एकाच वेळी बटणं दाबली. नगराध्यक्षाचं वेगळं, प्रभागातल्या दोन नगरसेवकांची वेगळी. माणूस बघून मत दिलं. एकमेकांच्या तंगड्या ओढा म्हणून नाही दिलं! नगराध्यक्षांना विचारावं तर बहुमत नाही म्हणतात. नगरसेवकांना विचारावं तर आम्हाला विश्वासात घेत नाहीत म्हणतात. चुकून ठराव झालाच तर तो थांबवायला नगरपालिका कायद्याच्या कलम 308 खाली कलेक्टरकडं अर्ज, की बसा वाट बघत.

वरचे राज्य सरकारवाले तरी कुठं शहाणे? 2016 ला जनतेतून थेट निवडायचा नगराध्यक्ष आणला, 2020 ला काढला, 2022 ला परत आणला. ज्याचं सरकार त्याची सोय. अहो, नगराध्यक्ष जनतेतून निवडायचा असेल तर निवडा, पण सभागृहात त्याचं बहुमत नसेल तेव्हा पाणी न् कचरा अडणार नाही, हे कोण बघणार? मधे प्रशासक होता तेव्हा हेच सगळे 'लोकप्रतिनिधी नाहीत म्हणून कामं रखडली' असं बोंबलत होते. आता आलात ना निवडून? वाढदिवसाचे फ्लेक्स तेवढे वेळेवर लागतात, वळणावर समोरची गाडी दिसत नाही त्यापायी.

पुढच्या सभेला आम्ही गल्लीतल्या बायका प्रेक्षक गॅलरीत बसणार आहोत. पाइपलाइनच्या विरोधात कोण हात वर करतंय आणि कोण गप बसतंय, ते लिहून घेणार. दोन्ही गटांची नावं गल्लीच्या तोंडाला लावणार. आमच्या प्रभागातल्या दोघांची सगळ्यात वर.