शील्ड म्हणजे नक्षी नव्हे: अमेरिकन रस्त्यांच्या लोकनिर्मित नकाशावरच्या आक्षेपांना उत्तर

ओपनस्ट्रीटमॅप म्हणजे कोणीही भर घालू शकेल असा मुक्त नकाशा. त्याच्या माहितीवर उभी असलेली ‘अमेरिकाना’ ही नकाशाशैली अमेरिकेतले स्वयंसेवक मिळून घडवत आहेत. तिथला माणूस रस्ता ज्या खुणांनी ओळखतो, त्याच खुणा त्याला पडद्यावर दिसाव्यात, हा तिचा हेतू. तिचा विषय निघाला की एक दावा हमखास पुढे येतो, आणि संगणकातली जाणती माणसंही तो न तपासता पुढे पाठवतात. दावा साधारण असा: नकाशा आधीच तयार आहे, शैली म्हणजे त्याच्यावरची रंगरंगोटी. रस्त्यांचे क्रमांक दाखवणारी चिन्हं, म्हणजे शील्ड, शोभेची, कारण हल्ली सगळे फोनवरच्या निळ्या ठिपक्यामागेच जातात. गूगलचा नकाशा फुकट मिळतो. आणि कोणीही बदलू शकेल अशा नकाशावर विसंबणं धोक्याचं. मी स्वतः ओपनस्ट्रीटमॅपवर रस्ते भरतो, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही. यातले तीन मुद्दे साफ चुकीचे आहेत, चौथ्यात अर्धं सत्य आहे.

‘शैली म्हणजे रंगरंगोटी.’ ओपनस्ट्रीटमॅप हा मुळात माहितीचा साठा आहे. त्यात बिंदू असतात, रेषा असतात, त्यांना एकत्र बांधणारे ‘रिलेशन’ असतात आणि प्रत्येकाला लावलेले टॅग, म्हणजे माहितीच्या चिठ्ठ्या, असतात. कोणता रस्ता जाड काढायचा, कोणता लांबूनही दिसायला हवा, कोणाचं नाव गाळायचं, हे सगळं शैली ठरवते. हा प्रकल्प २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला आणि रस्त्यांची प्रतवारीही तिथूनच आली: मोटरवे, ट्रंक, प्रायमरी. त्याच्या संकेतस्थळावरच्या मुख्य नकाशात २०१५ पर्यंत मोटरवे निळे आणि ट्रंक रस्ते हिरवे होते, कारण ब्रिटनमध्ये त्या रस्त्यांवरच्या पाट्या तशा रंगांच्या असतात. अमेरिकेत महामार्गांवरच्या बहुतेक दिशादर्शक पाट्या हिरव्याच. तिथल्या वाचकाला तो निळा-हिरवा भेद काहीच सांगत नव्हता. पुढे रंग बदलले, प्रतवारीचा साचा मात्र ब्रिटिशच राहिला.

अमेरिकेत फ्रीवे (सिग्नल नसलेला महामार्ग) आणि साधा हमरस्ता यांच्या मधला एक प्रकार आहे, तो म्हणजे एक्स्प्रेसवे. दुभाजक आहे, वेगही आहे, पण मध्येच सिग्नल लागतो किंवा एखादा फाटा थेट येऊन मिळतो. ताशी १०० किलोमीटरने चाललेल्या माणसाला पुढे सिग्नल असू शकतो की नाही, हे आधी कळायला हवं. अमेरिकाना हा प्रकार वेगळा काढून दाखवते, टोलचे रस्तेही वेगळ्या रंगात दाखवते. हा फरक नकाशा पाहताक्षणी कळतो आणि गाडी चालवणाऱ्याच्या कामाचा आहे. त्याला रंगरंगोटी म्हणणं मला पटत नाही.

‘शील्ड शोभेची असतात.’ हा मुद्दा मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण अमेरिकन रस्ता ओळखला जातो तोच शील्डवरून. उत्तर कॅरोलायनात आय-७४ (आय म्हणजे इंटरस्टेट, आंतरराज्य महामार्ग) आणि यूएस ७४ (यूएस मार्ग, हे वेगळं जाळं) हे दोन वेगळे महामार्ग काही ठिकाणी एकाच डांबरावरून जातात. विस्कॉन्सिनमध्ये २०१५ पासून आय-४१ हा पूर्ण लांबीभर यूएस ४१ च्याच रस्त्यावरून धावतो. नकाशावर नुसता चौकोन काढून त्यात ‘४१’ लिहिलं, तर तो नेमका कोणाचा क्रमांक? लाल-निळं शील्ड आंतरराज्य महामार्गाचं, काळ्या पाटीवरचं पांढरं शील्ड यूएस मार्गाचं. आकार नसेल तर आकडा अर्धाच राहतो.

व्हर्जिनियात विथव्हिलजवळ तर आय-७७ आणि आय-८१ काही मैल एकत्र जातात. तिथे एकाच बाजूने चाललेली गाडी एकाच वेळी आय-७७ वर ‘उत्तरेला’ आणि आय-८१ वर ‘दक्षिणेला’ जात असते. यूएस ११ आणि यूएस ५२ हेही त्याच पट्ट्यावर असतात. निळा ठिपका तुम्ही कुठे आहात ते सांगतो. रस्त्यावरच्या पाट्यांच्या कमानीवर चार क्रमांक आणि एकमेकांच्या उलट दिशा दिसल्या की त्यातली आपली कोणती, हे नकाशावरच्या शील्डशी ताडूनच ठरवावं लागतं. असा पट्टा एकाच क्रमांकाने दाखवणारा नकाशा तिथे चालकाला गोंधळात टाकतो. अमेरिकाना त्या पट्ट्यावरची सगळी शील्डं शेजारीशेजारी मांडते.

राज्यमार्गांकडे आलं की फरक आणखी ठळक होतो. अनेक नकाशे सगळ्या राज्यांच्या मार्गांना एकच साधा गोल देऊन मोकळे होतात. प्रत्यक्ष रस्त्यावर कॅलिफोर्नियाची पाटी हिरव्या फावड्याच्या आकाराची असते, पेनसिल्व्हेनियाची कमानीतल्या मधल्या दगडासारखी. वॉशिंग्टन राज्याच्या पाटीवर जॉर्ज वॉशिंग्टनचा चेहरा, यूटाच्या पाटीवर मधमाश्यांचं पोळं, कॅन्ससला सूर्यफूल, न्यू मेक्सिकोला झिया लोकांचं सूर्यचिन्ह. न्यू हॅम्पशायरच्या पाटीवर कड्यातून घडलेला म्हाताऱ्याचा चेहरा आहे. तो खरा कडा ३ मे २००३ रोजी कोसळला, पण पाटीवरचा चेहरा राहिला. टेक्सासमध्ये ‘फार्म टू मार्केट’ रस्त्यांना राज्याच्या नकाशाची आकृती असलेली स्वतःची पाटी आहे, आणि मिसूरीतल्या राज्याच्या दुय्यम रस्त्यांना आकड्यांऐवजी अक्षरं आहेत. ज्या त्या राज्याने आपली ओळख रस्त्याच्या कडेला उभी केलेली आहे. नकाशाने ती पुसून सगळ्यांना सारखा गोल द्यावा, असं कोणत्याही व्यवहारी कारणाने ठरत नाही.

आणि हे काम हाताने चित्रं चिकटवून होत नाही. प्रत्येक मार्ग ओपनस्ट्रीटमॅपमध्ये एक रिलेशन असतो. त्यात ‘नेटवर्क’ (मार्गांचं जाळं) कोणतं आणि क्रमांक काय, हे वेगवेगळं नोंदवलेलं असतं. व्हेक्टर टाइल्समधून, म्हणजे तयार चित्राऐवजी माहितीच देणाऱ्या नकाशाच्या तुकड्यांतून, ही माहिती ब्राउझरपर्यंत येते. तिथे शैली त्या जाळ्याची कोरी पाटी निवडते आणि आकडा त्या आकारात बसेल इतका लहान-मोठा करून तिथल्या तिथे काढते. फावड्यात आकडा कुठे बसतो आणि कमानीच्या दगडात कुठे, याचे नियम कोणीतरी बसून लिहिलेत. तीन आकडी आंतरराज्य महामार्गाला रुंद शील्ड लागतं, जसं ते रस्त्यावरही असतं. इतकी बारकाई रस्त्यावर प्रेम असल्याशिवाय येत नाही, हे माझं ठाम मत आहे.

न्यू जर्सीतल्या मराठी वाचकांना याचं वेगळं उदाहरण नको. एडिसनच्या आसपास टर्नपाइक, गार्डन स्टेट पार्कवे, आय-२८७ आणि यूएस १ असे सगळे जवळजवळ येतात. पार्कवेला पाटीवर क्रमांक नाही, स्वतःचं हिरवं-पिवळं चिन्ह आहे. आणि एक्झिट १०५ च्या उत्तरेला त्यावर मोठे ट्रक नेता येत नाहीत. सामान हलवायला ट्रक घेऊन निघालेल्या माणसाने त्या फाट्यावर हे चिन्ह ओळखलंच पाहिजे.

संकटाच्या वेळी सूचनाही क्रमांकांनीच येतात. २००५ साली रीटा वादळाआधी ह्यूस्टनमधून लाखो लोक बाहेर पडले, तेव्हा आय-४५ वर शहराकडे येणाऱ्या लेनसुद्धा बाहेर जाण्यासाठी खुल्या केल्या होत्या. रेडिओवर ऐकलेला क्रमांक आणि नकाशावरचं चिन्ह जुळवणं त्या वेळी किती गरजेचं असतं, हे वेगळं सांगायला नको.

‘गूगल फुकट आहे.’ पाहणाऱ्याला आहे. स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपमध्ये नकाशा वापरणाऱ्यासाठी २०१८ च्या जुलैपासून बिलिंग खातं आणि वापरणाऱ्याची ओळख पटवणारी ‘की’ सक्तीची झाली, आणि ठरलेल्या मर्यादेपुढे पैसे पडू लागले. शिवाय त्या नकाशातली माहिती उचलून स्वतःचा नकाशा काढायची परवानगी नाही. मॅपबॉक्स या नकाशे पुरवणाऱ्या कंपनीचं उदाहरण अधिक बोलकं आहे. त्यांचं नकाशा काढणारं इंजिन आधी मुक्त होतं. २०२० च्या डिसेंबरमध्ये नव्या आवृत्तीचा परवाना बदलला आणि ते मुक्त राहिलं नाही. जुन्या मुक्त आवृत्तीपासून लोकांनी मॅपलिब्रे उभं केलं, आणि अमेरिकाना त्यावरच चालते. परवाना हातात होता म्हणूनच हे जमलं. अमेरिकानाचा स्वतःचा कोड सीसी-झिरोखाली आहे, म्हणजे त्यावर कसलीच अट नाही. माहितीवर मात्र ओपनस्ट्रीटमॅपचा परवाना लागू आहे आणि श्रेय द्यावं लागतं. ते द्यायलाच हवं.

‘कोणीही बदलू शकतो, म्हणून भरवसा नाही.’ यातलं अर्धं सत्य आधी मान्य करतो. अमेरिकेतल्या ओपनस्ट्रीटमॅपचा पाया २००७-०८ मध्ये जनगणना विभागाच्या ‘टायगर’ माहितीतून घातला गेला. ती माहिती जनगणनेच्या गरजेपुरती होती. अनेक रस्ते जागेवरून सरकलेले होते, आणि ग्रामीण भागात असे न तपासलेले रस्ते आजही सापडतात. पण हा दोष बंद दरवाजाआड राहत नाही. न तपासलेल्या रस्त्यावर तसा टॅग असतो, प्रत्येक बदलाचा इतिहास उघडा असतो. शैलीमुळे त्यात भरच पडते. मध्येच रिलेशन तुटलं असेल तर तेवढ्या तुकड्यावर शील्ड दिसत नाही, आणि त्या गावातल्या माणसाच्या ते लगेच नजरेत येतं. मेटा, ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट या कंपन्या हीच माहिती वापरतात. केवळ स्वयंसेवकांनी भरली म्हणून ती बिनभरवशाची ठरली असती, तर तसं झालं नसतं.

आपल्याकडे याचा उपयोग काय, असाही प्रश्न येतो. २०१० मध्ये राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक बदलले. मुंबई-गोवा महामार्ग १७ चा ६६ झाला, मुंबई-पुणे-बंगळूर रस्ता ४ चा ४८ झाला, तरी माणसं अजून ‘एनएच फोर’च म्हणतात. राष्ट्रीय महामार्गाचा मैलाचा दगड पिवळ्या डोक्याचा असतो, राज्यमार्गाचा हिरव्या. अमेरिकानाची पद्धत घेऊन हे भेद पडद्यावर आणायला कोणाची परवानगी लागत नाही.

एक अडचण मात्र खरी आहे. वाचकाच्या भाषेत नावं दाखवायची सोय अमेरिकानात केलेली आहे, आणि ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मराठी नावासाठी वेगळी जागाही आहे. पण मॅपलिब्रेला देवनागरीची जोडाक्षरं आणि ऱ्हस्व वेलांटी नीट मांडता येत नाहीत, ही तक्रार बरीच वर्षं जुनी आहे. कोड उघडा आहे, चर्चाही उघड्यावर चालते. ज्यांना देवनागरीची अक्षरजुळणी कळते आणि जावास्क्रिप्टही येतं, त्यांच्यासाठी तिथे काम आहे.