1 जानेवारीला जन्मलेले सगळे बांगलादेशी, म्हणे

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय. ‘निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्याचा इशारा, प्रत्येक ठाणेकराने वाचावा.’ अधिकाऱ्याचं नाव अर्थातच नाही. एरवी मी असले मेसेज न वाचता पुढे सरकते. पण हा सासूबाईंपर्यंत पोचला, आणि त्यांनी आमच्या बाथरूमची लादी बसवायला आलेल्या मिस्त्रीला दारातच थांबवून आधार कार्ड मागितलं. मिस्त्री पश्चिम बंगालमधल्या मालदा जिल्ह्यातला. कार्डावर जन्मतारीख 1 जानेवारी. झालं! फॉरवर्डमध्ये नेमकं हेच लिहिलं होतं.

ज्यांच्या नशिबी तो मेसेज आला नाही त्यांच्यासाठी सार. दहशतवादी निर्वासित बनूनच देशात शिरतात, 26/11 आणि पहलगाम हे त्याचे पुरावे. भारतात निर्वासितांची तपासणी होत नाही, ‘यूएनचं कार्ड’ दाखवलं की आधार हातात. पॅरिसमध्येही हेच झालं. बांगलादेशची सीमा सताड उघडी आहे. घुसखोर ओळखायची खूण म्हणजे बंगाली बोलणं आणि आधारवरची 1 जानेवारी. आणि शेवटची ओळ: पोलिसांना कळवून उपयोग नाही, फोटो ग्रुपवर टाका.

1 जानेवारीपासूनच सुरुवात करते, कारण याच्याइतकं अचाट त्यात दुसरं काही नाही. आधार काढताना जन्माचा दाखला नसला आणि माणसाने नुसतं वय सांगितलं, तर त्यावरून साल काढून त्या सालाची 1 जानेवारी लावली जाते. बस, एवढंच. म्हाताऱ्याकोताऱ्या माणसांच्या, घरी बाळंतपण झालेल्यांच्या, पोटासाठी गाव सोडलेल्यांच्या कार्डांवर देशभर हीच तारीख आहे. आणि हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागावं? आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लावून टाकलेली अख्खी पिढी आहे. दर 1 जूनला याच ग्रुपवर निम्म्या आजोबांना केकचे फोटो येतात. ते काय सगळे एका दिवशी जन्मले? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वय बसवायचं होतं, गुरुजींनी बसवलं. ज्यांनी शाळेचं तोंडच पाहिलं नाही त्यांना 1 जूनही मिळाली नाही. त्यांना पुढे आधारवाल्यांनी 1 जानेवारी दिली. सासूबाई मुरबाडकडच्या एका वाडीतल्या. भावंडांपैकी कोणाचीच नोंद नाही. त्यांचं कार्ड कपाटातून काढून मिस्त्रीच्या कार्डाशेजारी ठेवलं. 01/01/1952. “माझं वेगळं आहे,” म्हणाल्या. काय वेगळं, ते मात्र सांगता आलं नाही.

मुळात आधार हा नागरिकत्वाचा पुरावाच नाही, हे आधार कायद्याच्या कलम 9 मध्येच लिहिलंय. तेव्हा कार्ड आहे म्हणून कोणी भारतीय ठरत नाही, तसा त्यावरच्या तारखेवरून परदेशीही ठरत नाही.

आता एक अर्धा मुद्दा फॉरवर्डवाल्यांना द्यावाच लागेल. खोटी कागदपत्रं निघतात. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ठाण्यातल्याच एका प्रकरणात जामीन नाकारताना सांगितलं की आधार, पॅन, मतदार ओळखपत्र हातात असलं म्हणून कोणी भारताचा नागरिक होत नाही. जानेवारी 2025 मध्ये सैफ अली खान या अभिनेत्यावरच्या हल्ल्यातला आरोपी आमच्यापासून फार लांब नाही, कासारवडवलीच्या बाजूला पकडला गेला, आणि तो मेघालयातून डावकी नदी ओलांडून आल्याचं पोलिसांनी सांगितलं. म्हणजे घुसखोरी आहे. पण पोलिसांनी हेतू सांगितला तो चोरीचा. त्याला दहशतवादी आणि निर्वासित ही दोन्ही लेबलं फॉरवर्डवाल्यांनी लावली.

आणि ‘बंगाली बोलतो, उचला’ या खुणेचं काय होतं तेही बघा. जून 2025 मध्ये महाराष्ट्रात पकडलेले पश्चिम बंगालचे काही मजूर थेट सीमेपलीकडे बांगलादेशात ढकलले गेले. नंतर ते भारतीय निघाले आणि परत आणावे लागले. त्यातले काही आपल्याच ठाणे जिल्ह्यात, मीरा रोडच्या बाजूला काम करणारे. मुर्शिदाबाद आणि मालदा हे भारतातले जिल्हे आहेत हो! तिथली माणसं बंगालीच बोलणार, कोकणी बोलणार नाहीत.

26/11 चे दहा जण कुठल्या निर्वासित छावणीतून आले होते? कराचीहून समुद्रातून आले. पोरबंदरची ‘कुबेर’ ही मासेमारी बोट पळवली, खलाशांना मारलं आणि कफ परेडजवळच्या मच्छीमार नगरला रबरी होडीतून उतरले. तिथल्या कोळ्यांनी त्यांना हटकलंही होतं. त्यांच्यासाठी आधी मुंबईची रेकी करून गेला डेव्हिड हेडली. हातात अमेरिकी पासपोर्ट, त्यावर रीतसर भारतीय व्हिसा, आणि ताडदेवला चक्क इमिग्रेशन सल्ल्याचं ऑफिस. वडिलांनी ठेवलेलं नाव त्याने 2006 मध्ये बदलून घेतलं होतं, त्यामुळे विमानतळावर कोणाला संशय आला नाही.

त्याहून मोठं उदाहरण तर आपल्या शेजारच्या रायगडचं आहे, आणि ते कोणी फॉरवर्ड करत नाही. 1993 च्या जानेवारी-फेब्रुवारीत दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर शस्त्रं आणि आरडीएक्स उतरलं. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी ट्रक अडवले होते. अडवले आणि लाच ठरवून सोडून दिले. कस्टम्सच्या अतिरिक्त कलेक्टरपर्यंतचे अधिकारी टाडा या दहशतवादविरोधी कायद्याच्या न्यायालयात दोषी ठरले. 12 मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत 257 माणसं मेली. 21 मार्च 2013 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल हवा तर कोणीही वाचावा. कस्टम्स आणि पोलिसांवर त्यात जे ताशेरे आहेत, ते या ‘निवृत्त अधिकाऱ्या’च्या मेसेजमध्ये अवाक्षरानेही नाहीत. ज्याने फाट्यावर ट्रक सोडला त्याची जन्मतारीख कोणी तपासली नव्हती, आणि तपासून उपयोगही नव्हता.

पहलगामबद्दल जरा सांभाळून लिहिते. त्या 26 जणांत डोंबिवलीचे तिघे होते, पनवेलचे एक. ती घरं आपल्या ओळखीपाळखीतली आहेत, म्हणून तर हा फॉरवर्ड इकडे इतका चालतो. पण हल्ला करणारे तिघं पाकिस्तानी होते, 28 जुलै 2025 ला ते मारले गेले आणि दुसऱ्या दिवशी गृहमंत्र्यांनी लोकसभेत तसं सांगितलं. निर्वासित म्हणून अर्ज केलेला त्यांत कोणी नव्हता. उलट 2014 मध्ये कल्याणचे चार तरुण इराकला आयसिसकडे गेले, ते जन्माने भारतीय होते. त्यांना कुठल्या सीमेवर अडवणार होतात?

पॅरिसचं म्हणाल तर, हो, तिथे तथ्य आहे. नोव्हेंबर 2015 च्या हल्ल्यातले स्टेडियमबाहेरचे दोघे ग्रीसच्या लेरोस बेटावर निर्वासितांच्या गर्दीत सीरियाचे खोटे पासपोर्ट घेऊन उतरले होते. ही खरी त्रुटी होती. पण हल्ल्याचा म्होरक्या बेल्जियमचा नागरिक होता आणि बाकीचे बहुतेक युरोपातच जन्मलेले, वाढलेले. अमेरिकेतल्या केटो इन्स्टिट्यूट या अभ्याससंस्थेने 1975 ते 2015 चा हिशेब काढला. निर्वासिताने केलेल्या दहशतवादी हल्ल्यात अमेरिकी माणूस एखाद्या वर्षी मरण्याची शक्यता 364 कोटींत एक. पर्यटक व्हिसावर आलेल्याच्या हातून त्याहून कितीतरी जास्त, कारण 11 सप्टेंबरचे विमान पळवणारे व्हिसा घेऊन आले होते.

‘तपासणी होत नाही’ हे तर उलटंच आहे. भारताने 1951 च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. म्हणजे निर्वासिताला इथे राहण्याचा हक्कच नाही, सरकारची मर्जी आहे. गृह मंत्रालयाच्या 2011 च्या कार्यपद्धतीनुसार राज्याने आधी प्रकरण तपासायचं, सुरक्षा यंत्रणांनी पडताळणी करायची, मग मंत्रालयाला वाटलं तर लाँग टर्म, म्हणजे दीर्घ मुदतीचा, व्हिसा. यूएनच्या निर्वासित संस्थेचं कार्ड हा व्हिसा नाही. मार्च 2021 मध्ये जम्मूत रोहिंग्यांना पकडून हिरानगरच्या केंद्रात ठेवलं, त्यातल्या कित्येकांकडे ते कार्ड होतं. त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

कुंपणाबद्दल दोनच वाक्यं. बांगलादेश सीमा 4,096.7 किलोमीटर, त्यातल्या सुमारे 3,232 किलोमीटरवर कुंपण झालेलं आहे, असं सरकारनेच संसदेत सांगितलंय. उरलेल्यात नद्या आहेत, दलदल आहे, काही ठिकाणी जमीन मिळायची आहे. ‘सताड उघडी’ हे त्याचं वर्णन नव्हे.

आणि निर्वासित म्हटलं की नाक मुरडणाऱ्यांनी ज्या बाजारातून दिवाळीचे कपडे आणले तो बाजार कोणाचा? फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या जवळपास लाखभर लोकांना कल्याणच्या लष्करी छावणीत ठेवलं, त्याचंच 1949 मध्ये उल्हासनगर झालं. आजही तिथे सिंधमधून आलेली कुटुंबं लाँग टर्म व्हिसावर राहतात. पहलगामनंतर पाकिस्तान्यांचे व्हिसा रद्द झाले तेव्हा हिंदूंना दिलेले हे व्हिसा कायम राहतील असं सरकारने मुद्दाम जाहीर केलं. सासूबाई गजानन मार्केटातून साड्या आणतात, आणि घासाघीस करताना त्यांनी कोणाचं आधार मागितल्याचं मला आठवत नाही.

राहिली शेवटची ओळ, फोटो टाकायची. आमच्या ग्रुपवर कोणीतरी गेटवरच्या रजिस्टरला लावलेल्या मिस्त्रीच्या आधारचा फोटो टाकलाय, नंबरसकट. आधार कायद्याच्या कलम 29 नुसार कोणाचा आधार क्रमांक असा जाहीर करायला मनाई आहे. खरंच संशय असेल तर 112 ला फोन करा, समुद्रावर काही दिसलं तर 1093 ला. पडताळणी करायला पोलिस आहेत. सेक्रेटरींना मेसेज केलाय, फोटो हटवा म्हणून. त्यांनी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. फोटो अजून तिथेच आहे.