मोटोजीपीत गाडी रायडरच चालवतो

वाळूजपासून जालन्यापर्यंत बायकवाल्या पोरांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. मोटोजीपीत, म्हणजे जगातल्या सगळ्यात वरच्या बाइक शर्यतीत, कॉम्प्युटर गाडी चालवतो, रायडर नुसता बसतो. खरी मर्दानगी टू-स्ट्रोक इंजिनच्या जुन्या काळात होती. म्हणून ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारं), अँटी-व्हीली (पुढचं चाक उचलू न देणारं) सगळं काढा, म्हणजे जो चांगला तोच जिंकेल, असं त्यात म्हटलंय.

रायडर नुसता बसतो? मोटोजीपीत एबीएसला, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेला, बंदी आहे. आपल्याकडे 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या नव्या गाडीला ते सक्तीचं आहे, पण ताशी 300च्या पुढून वळणावर येणाऱ्या त्या गाडीला नाही. ब्रेक किती दाबायचा हे रायडरची बोटंच ठरवतात. मागचं चाक प्रमाणाबाहेर घसरू लागलं की ट्रॅक्शन कंट्रोल इंजिनची ताकद कमी करतं, एवढंच. टायर झिजत गेला की रायडर पळत्या गाडीवर बटण दाबून मॅप, म्हणजे इंजिनची सेटिंग, बदलतो. हे सगळं असूनही 2020 मध्ये स्पेनमधल्या जेरेझला मोटोजीपी चॅम्पियन मार्क मार्केझ हायसाइडने फेकला गेला, उजव्या दंडाचं हाड मोडलं, उरलेला सीझन हातचा गेला.

हायसाइड आपल्याला नवा नाही. पावसाळ्यात ट्रॅक्टरच्या चाकांनी डांबरावर आणलेल्या काळ्या मातीवर मूठ पिळली की मागचं चाक सटकतं; पुढे कोरडं डांबर लागून एकदम पकड मिळाली की गाडी उसळते आणि माणूस वरून फेकला जातो. 500 सीसी टू-स्ट्रोकची ताकद एकदम यायची, म्हणून तिथे हे सारखं व्हायचं. ते रायडर थोरच होते, पण त्यांची मोडलेली हाडं हे त्या थोरपणाचं माप नाही.

मेसेजमधला शेवटचा मुद्दा, हे काढलं की जो चांगला तोच जिंकेल, अर्धा खरा आहे. 2015 पर्यंत फॅक्टरी टीम, म्हणजे गाडी बनवणाऱ्या कंपन्यांच्या टीम, ही यंत्रणा चालवणारं स्वतःचं सॉफ्टवेअर वापरायच्या. त्या वर्षीच्या सगळ्या शर्यती चौघांनीच जिंकल्या. 2016 मध्ये सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर सक्तीचं झालं आणि नऊ वेगवेगळे रायडर जिंकले. त्याच वर्षी टायरही ब्रिजस्टोनऐवजी मिशेलिनचे आले, त्यामुळे सगळं श्रेय सॉफ्टवेअरला देत नाही. तरी बंधन हवं ते असं. ब्रिटनमधल्या ब्रिटिश सुपरबाइक स्पर्धेत 2012 पासून ट्रॅक्शन कंट्रोल नाही आणि शर्यती चुरशीच्या होतात, हे मान्य. पण त्या गाड्या शोरूममधल्या मॉडेलवरून बनतात, मोटोजीपीच्या प्रोटोटाइपइतकी, म्हणजे फक्त शर्यतीसाठी बनवलेल्या गाडीइतकी, ताकद त्यांच्यात नसते.

काढायचंच तर निव्वळ वेग वाढवणारं काढा. वळणातून निघताना गाडी खाली बसवणारं राइड-हाइट यंत्र 2027 पासून बंद होतंय, आणि इंजिनही 1000 वरून 850 सीसीवर येतंय.